पान एक्केचाळीस

"ह्यांना रोज चार तास तरी घराबाहेर काढ," असं मामीने मला सांगितलं, तेव्हा मला वाटलं दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय. भांडण झालेलं नव्हतं. भांडण होऊच शकत नव्हतं, हीच तिची तक्रार होती.

"अगं, मी तोंड उघडते, 'आज बाजारात...' आणि जरा आठवायला थांबते. तर हे लगेच हळूच म्हणतात, 'गेले होते.' चिडून मी म्हणते, 'तुम्ही कधी...' तर हे म्हणतात, 'ऐकणार माझं.' रागवायचं तरी कसं माणसाने? माझा राग माझ्याआधी ह्यांनाच पाठ!"

मामा प्रॉम्प्टर होता. एकतीस वर्षं उजव्या विंगेत, घडीच्या खुर्चीवर, मांडीवर नाटकाची वही घेऊन बसलेला. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानात घालायचा आणि पहिल्या रांगेला सुगावा लागू द्यायचा नाही, ही त्याची विद्या. त्याचा आवाज म्हणजे आवाज नव्हताच, नुसता श्वास. पण तो बरोबर त्या एका माणसाच्या कानापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. आमच्या शहरातले जेवढे म्हणून थोर नट आहेत, ते सगळे कधी ना कधी रंगमंचावर पार बुडाले आणि मामाने त्यांना शेंडी धरून वर काढलं. याबद्दल एकाही नटाने कधी ब्र काढला नाही. मामानेही नाही.

या धंद्याचा त्याच्यावर एक विचित्र परिणाम झाला होता. त्याच्याकडे स्वतःचं असं वाक्यच उरलं नव्हतं. "मामा, तुला काय वाटतं?" असं विचारलं की तो विचारणाऱ्याच्याच ओठांकडे बघत राहायचा, त्याने आधी बोलावं म्हणजे ह्याला पुढचं सुचेल. लग्नाला होकार द्यायच्या वेळीसुद्धा मामीनेच आधी "हो" म्हटलं आणि मग ह्याने म्हटलं, असं आईकडून ऐकलंय. आई त्याची सख्खी बहीण, ती खोटं कशाला बोलेल?

तर त्या दोन वर्षांत आमच्याकडे तीन सरकारं येऊन गेली. नवं सरकार आलं की आधीच्या सरकारचे हुकूम रद्द करायचं आणि तेच हुकूम नव्या कागदावर काढायचं. भिंतींवरची चित्रं बदलायची, भिंती त्याच. अशात एका नाटकात एक म्हातारं पात्र सुनेला म्हणालं, "खिडकी उघड ग, जीव गुदमरतोय." झालं! अख्खं प्रेक्षागृह दोन मिनिटं टाळ्या वाजवत बसलं. सरकारला काही केल्या कळेना, की खिडकीत टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे. आणि जे कळत नाही ते बंद करावं, एवढं मात्र तिन्ही सरकारांना कळत होतं. बोलकी नाटकं बंद झाली. नाचाला परवानगी राहिली, कारण नाच म्हणजे नुसते हातपाय. हातपायांना कसलं आलंय मत?

इथे माझा प्रवेश. माझी नाचणाऱ्यांची एक मंडळी आहे. सहा माणसं आणि मी. त्याआधी आमचे प्रयोग बघायला आमच्याच घरची माणसं यायची, तीही जांभया दाबत. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, तसे आम्ही एका रात्रीत शहरातली एकमेव रंगभूमी झालो. नाट्यगृहाच्या मालकाने स्वतः बोलावून हॉल दिला.

मी जे बसवत होते त्याचं नाव 'तरीसुद्धा'. त्यात माणसं रांगेत उभी राहतात, बंद दारांमागे कान लावून बसतात, एकमेकांना ओळख दाखवायला घाबरतात. पण हे सगळं शेवटच्या सात मिनिटांसाठी होतं. त्या सात मिनिटांत सहाही जणांनी, त्या दिवशी ज्याला ज्यात सुख वाटेल, ते करायचं. ठरवून नाही. मला अगदी वीट आला होता हो. जो तो नुसतं दुःख दाखवत होता. दुःख दाखवायला सरकार समर्थ होतं. मला हे दाखवायचं होतं की बाहेर काहीही चाललेलं असो, माणूस न्हाणीघरात गातोच, भांडी घासताना कंबर हलवतोच, आणि ते कोणाच्या बापाला बंद करता येत नाही.

बंद करता येत नसलं तरी लिहून मागता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

हुकूम आला. रंगमंचावर जे काही घडेल ते सगळं आधी लेखी द्यायचं, तीन प्रतींत. मंजूर झालेल्या प्रतीत आहे तेवढंच करायचं, कमी नाही, जास्त नाही. पहिल्या प्रयोगाला तपासनीस येऊन प्रत आणि प्रयोग ताडून बघणार. शिवाय खाली एका 'जबाबदार व्यक्ती'ची सही. तफावत निघाली तर हॉलला कुलूप आणि जबाबदार व्यक्ती सहा महिने आत.

माझी सही चालणार नव्हती. एका मोर्चात मी पुढच्या रांगेत होते, त्यामुळे माझं नाव कुठल्याशा यादीत चढलं होतं. मामी मामाला घराबाहेर काढ म्हणत होतीच. मी त्याला तालमीला आणून बसवलं होतं, नुसतं बसायला. मुक्या नाचात प्रॉम्प्टरचं काय काम? पण अर्ज वाचून मी कपाळाला हात लावला तेव्हा मामाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. मी काही बोलायच्या आत. त्याच्या आयुष्यात तो प्रथमच दुसऱ्याच्या आधी गेला होता.

"अरे मामा, सहा महिने!"

"लिहायचंच आहे ना? मग लिहू की. एकतीस वर्षं लिहिलेलंच तर वाचतोय."

आणि मामा लिहायला बसला. मी इतकी वर्षं नाच बसवते, पण माझा नाच इतक्या बारकाईने कोणी पाहिला नव्हता. 'लांब्या डावीकडून येतो. तिसऱ्या पावलाला उजवा खांदा पाडतो. मागे बघत नाही, पण बघावंसं वाटतंय असं मानेवरून दिसतं.' लांब्या म्हणजे आमचा सगळ्यात उंच नाचणारा. एरवी तो टपालखात्यात तिकिटं चिकटवण्याचं काम करतो. त्याने ते वाचलं आणि दोन दिवस तो मान जपून वापरत होता.

चाळीस पानं अशी उत्तम झाली. पान एक्केचाळीसपासून ती सात मिनिटं सुरू होत होती. तिथे मामाचं घोडं अडलं.

"मघाची उडी परत मारा," तो मास्तरीणबाईंना म्हणाला. या आमच्यातल्या वयाने मोठ्या, शाळेत कवायत शिकवायच्या. शाळा बंद पडल्यावर आमच्याकडे आल्या.

"कुठली उडी?"

"मघाची. पाय मागे दुमडून."

"अहो, मघाशी मारावीशी वाटली म्हणून मारली."

"मग आता वाटून घ्या."

मास्तरीणबाईंनी वाटून घेतलं. त्यांना मुळी कवायतीचीच सवय. त्यांनी पुढचे आठ दिवस रोज तीच उडी, तेवढीच उंच मारली. मामाने वहीत लिहिलं, 'मास्तरीण उडी मारते. हसते (मध्यम).' लांब्याने विचारलं, "मध्यम म्हणजे दात किती?" मामाने विचार करून सांगितलं, "वरचे." मग सगळ्यांना आपापले दात ठरवून मिळाले. पान त्रेचाळीसवर दोघांनी एकमेकांना मिठी मारून 'एक ते चार मोजेपर्यंत' आनंदात राहायचं होतं. ते खरंच मोजायचे. ओठ हलताना दिसायचे.

माझा संताप संताप झाला. हातातला बूट मी भिंतीवर फेकला.

"मामा, ही सुखाची तालीम आहे की लसीची रांग? मारून टाकलंस तू ते! ह्यांच्या तोंडाकडे बघ जरा!"

मामाने बघितलं. सहाही जण वरचे दात दाखवत उभे होते. त्यालाही दिसलं, हे मला दिसलं. पण तो वही मिटून म्हणाला, "तुझं म्हणणं खरं आहे. पण बाई, हे लिहिलेलं नसलं आणि त्या माणसाने पकडलं, तर हॉलला कुलूप. ही सहा माणसं घरी जाऊन काय करतील? भिंती बघतील. आणि मी..." इथे तो थांबला. मी पुढचा शब्द दिला नाही. "मला आत गोळ्या वेळेवर मिळतील का, हे तुझी मामी रोज विचारतेय."

मी बूट उचलून आणला. आम्ही मध्यम हसायला लागलो.

पहिला प्रयोग दुपारी अडीचला ठेवला, कारण सहाला संचारबंदी लागायची. हॉल गच्च भरला. लोकांना नाचाची आवड एकाएकी लागली होती असं नाही. चार माणसांनी एकत्र बसायला कायद्याने मोकळी अशी तेवढीच जागा उरली होती. मामी तिसऱ्या रांगेत पर्स छातीशी धरून बसली होती. पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, तपासनीस. वाळका, चष्मेवाला माणूस. हा मूळचा जमीन मोजणी खात्यातला. बदली होऊन संस्कृतीकडे आलेला. त्याने मांडीवर प्रत उघडली, तिच्यावर लाकडी पट्टी ठेवली, आणि प्रयोग सुरू झाल्यावर तो पट्टी एकेक ओळ खाली सरकवू लागला. शेतातला बांध तपासावा तसा तो आमचा नाच तपासत होता.

चाळीस पानं पट्टी कुठेही अडली नाही. लांब्याने मागे बघावंसं वाटतंय अशी मान केली, तेव्हा तर तपासनीसाने समाधानाने डोकं हलवलं. विंगेतून मी त्याच्यावरच डोळे लावून होते. समोर मामा आपल्या खुर्चीवर, वही घेऊन. गरज नव्हती, पण त्याला दुसरीकडे कुठे बसता येत नाही.

पान एक्केचाळीस. मास्तरीणबाई उडी मारायला वाकल्या, आणि बाहेर रस्त्यावर कर्ण्याची गाडी आली. "नागरिकांना कळवण्यात येतं की आजची संचारबंदी सहाऐवजी चारला सुरू होईल. नागरिकांनी त्वरित..." गाडी आमच्याच दारात थांबली असावी. टेपवरचं संगीत त्या आवाजात बुडून गेलं. मास्तरीणबाई वाकलेल्याच राहिल्या. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. आणि रंगमंचाच्या मधोमध उभ्या लांब्याची पाटी कोरी झाली. त्याला काही म्हणता काही आठवेना. त्याने विंगेकडे बघितलं.

ती नजर मी ओळखत नव्हते, मामा ओळखत होता. बुडणाऱ्या नटाची नजर. त्याने वहीत बघून आपल्या त्या श्वासाच्या आवाजात सांगितलं, "हस. मध्यम." कर्ण्यापुढे श्वास कुठला ऐकू जायला? लांब्या तसाच. मामाने थोडं वर सांगितलं. लांब्याने कानामागे हात नेला. मग मामा, ज्याचा आवाज एकतीस वर्षांत पहिल्या रांगेनेही ऐकला नव्हता, तो खुर्चीवरून उठून बेंबीच्या देठापासून ओरडला:

"हस म्हणतोय! मध्यम!"

नेमक्या त्याच क्षणी गाडीचा कर्णा थांबला होता. ते वाक्य छतापर्यंत घुमलं.

आधी कोणी तरी मागच्या रांगेत फिस्सकन हसलं. मग हॉल फुटला. लांब्या हसायला लागला, वरचे खालचे सगळे दात दाखवून, आणि त्याला थांबता येईना. मास्तरीणबाई होत्या तिथेच पोट धरून बसल्या. वहीत हे काहीच नव्हतं. तपासनीसाने पट्टीशेजारी खूण करायला पेन्सिल उचलली, ते मामाने बघितलं. त्याने वही उंच धरली आणि जे दिसेल ते वाचून दाखवल्यासारखं ठणठणीत आवाजात सांगायला सुरुवात केली.

"मास्तरीण खाली बसते! पोट धरते! लांब्या तिला उठवायला जातो आणि स्वतःच बसतो!"

लांब्या खरंच बसला. मामा एका शब्दाने तरी पुढे राहायचा प्रयत्न करत होता, पण आता त्याला कोणी ऐकत नव्हतं. कोणी भिंतीला पाठ लावून घसरत होतं, कोणी बूट काढून अनवाणी पळत होतं, मास्तरीणबाईंनी एक उडी मारली ती कुठल्याही कवायतीत बसली नसती. मामा धापा टाकत मागे धावत होता, "उडी मारते! अरे बापरे! परत मारते!" आणि इकडे संचारबंदीच्या धाकाने लोक उठू लागले होते, घरी जायला. आता सगळंच हातचं जातंय असं बघून मामा ओरडला:

"प्रेक्षक उभे राहतात!"

लोक थबकले. आपण घरी जायला उठलो होतो हे ते विसरले. बसलेलेही उठले. मग कोणी हात वर केला, कोणी शेजाऱ्याचा धरला, आणि खुर्च्यांच्या त्या चिंचोळ्या रांगांत चारशे माणसं नाचायला लागली. नाचता येत कोणालाच नव्हतं आणि अंगणही वाकडं होतं. मामी पर्स डोक्यावर ठेवून तोल सांभाळत होती. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, आणि पाचव्या रांगेकडे बघायची शुद्ध कोणाला होती?

पावणेचारला सगळे घराकडे पळाले. तपासनीस विंगेत आला. त्याचा चष्मा घसरला होता.

"प्रत आणि प्रयोग यांत तफावत आहे," तो म्हणाला. "पान एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस. आज जे घडलं तेच मूळ संहितेत आहे आणि माझ्या प्रतीत चुकून राहून गेलं, असं असेल तर ती पानं उद्या सकाळी दहाला कचेरीत द्या. नसेल तर..." तो थांबला. मामाने पुढचा शब्द सांगितला नाही. मामाला तो माहीत होता.

पळवाट तर मिळाली होती. फक्त ते सगळं लिहून काढायचं. मी मामाच्याच घरी राहिले आणि आम्ही कागद घेऊन बसलो. मला आठवत होतं की लांब्या आधी पळाला. मामी म्हणाली आधी लोळला. मामा चार ओळी लिहायचा, वाचायचा, आणि खोडायचा. शेवटी त्याने एक नवा कागद घेतला, भरभर काही तरी लिहिलं, दोन कार्बन लावले होतेच, आणि सही ठोकून घडी घातली. मला दाखवलं नाही.

सकाळी कचेरीत त्याने ती घडी टेबलावर ठेवली. तपासनीसाने सवयीने पट्टी लावली. पट्टी सरकवायची वेळच आली नाही, कारण ओळ एकच होती. 'पुढची सात मिनिटं ज्याला जे करावंसं वाटेल ते त्याने करावं.' खाली मामाची सही.



"हे काय?" तपासनीस म्हणाला. "ही मोजायची कशी?"

"मोजता येणार नाही," मामा म्हणाला. "पहिल्यांदा मी मोजली होती. ती चूक होती. ही माणसं आठ दिवस माझ्या वहीतून हसत होती आणि एकालाही हसू येत नव्हतं. आता आत टाकायचं तर टाका, पण खोटी पानं मी परत लिहिणार नाही."

एवढं सगळं त्याने कोणाच्याही ओठांकडे न बघता म्हटलं होतं.

तपासनीसाने उठून दार लोटलं. परत येऊन बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काल तुम्ही तिथे उभे राहून सगळं बघत होतात."

"हो."

"पाचवी रांगसुद्धा."

"हो. तुम्ही पट्टी काखेत मारलीत, दोन्ही हात पसरलेत आणि गिरक्या घेतल्यात. दोन."

"दीड," तपासनीस म्हणाला. "दुसरी खुर्चीला अडली."

"लिहायची का?" मामाने पेनाचं टोपण काढलं. "लिहितो. पण मग संहितेत येईल. रोज यावं लागेल तुम्हाला. रोज पाचव्या रांगेत, आणि रोज दीडच."

शेजारच्या खोलीत कोणी तरी टंकलेखन यंत्रावर एकेक अक्षर शोधून मारत होतं. मग तपासनीसाने शाईची डबी ओढली आणि तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. 'मंजूर'. आमची प्रत त्याने पुढे सरकवली, पण हात तिच्यावरून काढला नाही.

"मी कडेची नाही, मधल्या वाटेवरची खुर्ची घेतली," तो म्हणाला, "आणि दोन पुऱ्या झाल्या, तर चालेल?"

"चालेल," मामा म्हणाला.